पुठ्ठ्याची फट

नातवंडांनो, माझी बी.ए.ची पदवी हरवली, तेव्हा दुसरी प्रत काढायला मी तुमच्या बाबांसोबत विद्यापीठाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. आमचं कॉलेज पूर्वी दुसऱ्या विद्यापीठाखाली होतं. जबलपूरला स्वतःचं विद्यापीठ झालं, तसे जुने निकालही इथे आले. ते लाल कापडात बांधून, वर्षवार लावून ठेवणारे एक वयस्क बाबू तिथे बसले होते.

त्यांच्याजवळ लांब फट कापलेला एक पुठ्ठा होता. निकालाच्या पानावर तो ठेवला, की एकाच विद्यार्थ्याची ओळ दिसायची. तुमचे बाबा वाकून बघायला लागले, तसे ते म्हणाले, "जरा रुको भैया. दुसऱ्यांचे मार्क दुसऱ्यांचे."

माझी ओळ सापडली. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, पुठ्ठा बोटभर डावीकडे सरकवला आणि मग बाबांना बोलावलं. "या, बघा. आई पास आहेत." ओळीतला शेवटचा रकाना आता झाकला गेला होता.

बाबा झेरॉक्सला गेल्यावर मी विचारलं, "तो रकाना का झाकलात?"

"दीदी, कितव्या प्रयत्नात पास झाले, ते पदवीवर छापत नाहीत. मग मी काहून सांगू?"

मी ते तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

चिनू, निकाल लागल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस. म्हणून त्या भल्या माणसाने झाकलेला रकाना आज मीच उघडते आहे. तुझी आजी पहिल्या वेळी नापास झाली होती.