फिर्यादीच जामीन

सुपरहिरोंचे सिनेमे मला आवडतात, पण ते पाहताना मी गप्प बसत नाही. कराडच्या कोर्टात वीस वर्षं वकिली केल्यावर खोड लागते. उडणारा माणूस चोराला खांबाला बांधून निघून जातो, तेव्हा मी विचारते, पंचनामा कुठाय? साक्षीदार कोण?

माझ्यासोबत शेजारच्या सिस्टर येतात. मिरजेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ख्रिस्ती, कमी बोलणाऱ्या. त्या रविवारी सांगलीला पाहिलेल्या सिनेमात हिरोनं शेवटी दुसऱ्याचा गुन्हा स्वतःवर घेतला आणि हात पसरून आभाळातून खाली आला. बाहेर पडताना मी म्हटलं, खोटा कबुलीजबाब, टिकणार नाही.

"जामीन राहिला तो," सिस्टर म्हणाल्या.

मी हसले. जामीन म्हणजे घराचा उतारा, आधार कार्ड आणि दोन फोटो. त्या म्हणाल्या, आमच्यात येशूला हाच शब्द आहे. मी रोज वापरते तो शब्द, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

परतताना बसमध्ये त्यांनी पेंटरचं विचारलं. घराला रंग देताना त्यानं त्यांच्या आईच्या बांगड्या नेल्या होत्या. फिर्याद सिस्टरांनीच दिली होती. मी सांगितलं, जामीन मंजूर झालाय, पण त्याच्यासाठी उभं राहायला कोणी नाही, म्हणून अजून आत आहे.

"मी राहिले तर चालंल?"

"आवं सिस्टर, तुम्ही फिर्यादी. तो पळाला तर तुमच्या घरावर येईल."

"येऊ दे. पण खटला चालायलाच हवा. चोरी त्यानं केलीय."

घरी जाऊन मी कायदा उघडला. मनाई कुठेच नव्हती. कोर्टात त्यांची ओळख मीच दिली. न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचले.

"फिर्यादी तुम्हीच ना?"

"हो साहेब."

"आणि जामीनही?"

"हो."

टायपिंग थांबलं. मग साहेबांनी सही केली.

साक्षीच्या तारखेला मला धाकधूक होती. सिस्टर आपल्याविरुद्ध बोलणार हे पेंटरला माहीत होतं. तो आला नसता तर घर अडकलं असतं. तो कोर्ट उघडायच्या आधीच पायरीवर बसला होता.

सिस्टर पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, त्याच्याकडे बोट केलं आणि स्पष्ट सांगितलं, चोर हाच. त्यानं होकारार्थी मान हलवली. खाली उतरल्यावर त्या त्याच्याच बाकावर जाऊन बसल्या आणि सकाळी काही खाल्लंस का म्हणून विचारलं.

शेजारच्या कोर्टात माझ्या केसचा पुकारा झाला. मी त्या बाकाकडेच बघत होते; पहिला पुकारा मला ऐकूच आला नाही, दुसरा ऐकू आला.