उतारावरचा ट्रॅक्टर

२००९ चा हिवाळा. आम्ही इंग्लंडमध्ये, रीडिंग शहरापासून थोडं लांब, एका टेकडीवर भाड्याच्या घरात राहत होतो. नवऱ्याचं ऑफिस रीडिंगमध्ये होतं, मी घरूनच एका कंपनीसाठी टेस्टिंगचं काम करायचे. वर दोनच घरं, आमचं आणि शेजारीणबाईंचं. बाई शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. दोन म्हातारे घोडे आणि एक छोटा केशरी ट्रॅक्टर हा त्यांचा संसार. बर्फ पडला की त्या ट्रॅक्टरला पुढे रुंद लोखंडी पातं लावायच्या, मागे मीठ आणि वाळू पसरवणारा डबा अडकवायच्या आणि खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंतची अरुंद वाट साफ करून यायच्या. आम्ही खिडकीतून हात हलवायचो. आमचा सहभाग तेवढाच.

त्या दिवशी नवरा पहाटेच ऑफिसला गेला होता. नंतर बर्फ सुरू झाला तो थांबेचना. नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई खिडकीपाशी बसून कौतुकानं बघत होत्या. त्यांनीच हाक मारली, "अगं, ती बाई पडली बघ!"

मी बूट चढवून धावले. बाई तबेल्याच्या दारात आडव्या पडल्या होत्या. ट्रॅक्टर बाहेर सुरूच होता. त्यांचा एक पाय विचित्र वळला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"खुबा गेला," त्या म्हणाल्या. "मला हलवू नकोस. फोन कर."

फोनवरच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अँब्युलन्स खालच्या रस्त्यापर्यंत येईल, म्हणाला, पण एवढ्या बर्फात ती वाट चढणार नाही. चालत स्ट्रेचर आणायला खूप वेळ जाईल. रस्ता मोकळा करणारं कुणी आहे का? मी पायथ्याच्या शेतकऱ्याला फोन लावला. लागला नाही. नवऱ्याला लावला. तो म्हणाला, रीडिंगमधून गाड्याच हलत नाहीयेत.

तोवर सासूबाई घरातली सगळी ब्लँकेटं घेऊन आल्या होत्या. त्यांनी बाईंना गुंडाळलं, डोकं मांडीवर घेतलं. बाई थरथरत होत्या. थोड्या वेळानं थरथरणं कमी झालं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांचे शब्द जडावत चालले होते.

"तू गाडी चालवतेस ना?" त्यांनी विचारलं.

"ऑटोमॅटिक," मी म्हणाले. "आणि तीही सपाट रस्त्यावर."

"ऐक. सगळ्यात खालचा गिअर टाक आणि क्लचला हात, म्हणजे पाय, लावू नकोस. इंजिनच तुला धरून ठेवेल. उतारावर ब्रेक नाही. उजवीकडचा काळा दांडा पुढे ढकलला की पातं खाली, मागे ओढला की वर. घसरलीस तर पातं खाली टाक. ब्रेक नाही. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. पाय मात्र जागचे हलत नव्हते. ती वाट मला पाठ होती. एका बाजूला उंच बांध, दुसऱ्या बाजूला झाडीत उतरणारा खोल खड्डा, आणि मध्ये एक वळण.

"काहून थांबलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. ही गार पडतेय. जा."

सीट ओली होती. मी गिअर टाकला, क्लच सोडला आणि ट्रॅक्टर उताराला लागला. पात्यापुढे बर्फ गोळा होऊन बांधाकडे पडत होता. मागच्या डब्यातून वाळू खरखरत होती. वेग माणसाच्या चालीइतकाच, पण मला वाटत होतं की खालची जमीनच सरकतेय. दात इतके आवळले होते की दुसऱ्या दिवशी जबडा दुखत होता. मी मोठ्यानं बोलत होते, "ब्रेक नाही, ब्रेक नाही." रामरक्षा सुरू केली, ती दुसऱ्या ओळीलाच विसरले.

वळणाच्या अलीकडे गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी बसवलेली आहे. पातं त्यात अडकेल म्हणून मी ते वर घेतलं. पुढची चाकं जाळी ओलांडून गेली आणि ट्रॅक्टर सुटला. जाळीपलीकडे झऱ्याचं पाणी रस्त्यावर येऊन गोठलं होतं. वर ताज्या बर्फाचा थर, त्यामुळे दिसलं नव्हतं. मी काय केलं? दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

चाकं थांबली, ट्रॅक्टर थांबला नाही. तो तिरका होत खड्ड्याकडे निघाला, अगदी आवाज न करता. झाडांचे शेंडे मला माझ्या पायाखाली दिसले. मी ओरडले की नाही, आठवत नाही. हातानं दांडा पुढे ढकलला एवढं खरं. पातं आदळलं, बर्फ खरवडत गेलं, आणि एक हिसका बसून सगळं थांबलं. पुढचं एक चाक कडेच्या गवतावर होतं.

मी तिथेच बसून रडले. उतरून पळून जावं असं वाटलं, खरंच वाटलं. पण वर मांडीवर बाईंचं डोकं घेऊन सासूबाई बसल्या होत्या. ब्रेकवरचे पाय उचलायचं धाडस मला बऱ्याच वेळानं झालं. ट्रॅक्टर मागे घेतला, मागची चाकं मी पसरत आणलेल्या वाळूवर आली म्हणून ती धरली गेली. मग पातं खालीच ठेवून इंच इंच वळण पार केलं.

खाली अँब्युलन्स उभी होती. तिच्यातली मुलगी म्हणाली, "तू पुढे चढ, आम्ही तुझ्या मागून येतो." म्हणजे मी घसरले तर यांच्यावरच. वर जाताना एकदाही मागे पाहिलं नाही.

बाईंना अँब्युलन्समध्ये चढवलं तेव्हा त्या सासूबाईंचा हात सोडेनात. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या.

रस्ते सुरू झाल्यावर आम्ही हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. ऑपरेशन झालं होतं, बाई उशांना टेकून बसल्या होत्या. जाळीपाशी काय झालं ते मी सांगितलं.

"तिथे तू घसरणार असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पाणी गोठतं ते मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस."

मला इतका राग आला की उठून कॉरिडॉरमध्ये गेले. परत आले तेव्हा त्या डोळे पुसत होत्या आणि सासूबाई डब्यातला शिरा त्यांना भरवत होत्या. "काय म्हणाली ग ती?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "काही नाही. घाबरल्या होत्या."

पुढच्या वर्षी आम्ही रीडिंगमध्येच, सपाट रस्त्यावर घर घेतलं. बाई काठी टेकत एकदा चहाला आल्या होत्या. ट्रॅक्टर आता पायथ्याचा शेतकरी चालवतो, म्हणाल्या. मी पुन्हा कधी त्यावर चढले नाही.