काटकोन बाई आणि सातवा नियम

शाळा उघडली की पहिल्या तासाला काटकोन बाई हजेरी घेत नसत. आधी कागद वाटत. पाठपोट छापलेला एकच कागद. पुढच्या बाजूला वर्गात काय चालेल आणि काय चालणार नाही, मागच्या बाजूला वर्षभराचं गणित महिन्यांप्रमाणे मांडलेलं, आणि खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ. सही आणली नाही तर वर्गात बसायला मिळे, पण प्रश्न विचारायला मिळत नसे. बाईंच्या वर्गात ही शिक्षा लहान नव्हती.

काटकोन हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. बाई फळ्याशी उभ्या राहिल्या की जमिनीशी बरोबर नव्वद अंश. हे नाव बाईंच्या कानावर केव्हाच आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही असे. विशालकोन म्हणाले असते तर मात्र वाईट वाटलं असतं.

नियम एकूण आठ. पट्टीशिवाय रेषा काढायची नाही. चूक खोडरबराने पुसायची नाही, एका रेघेने खोडायची, म्हणजे ती पुन्हा वाचता येते. सहावा नियम असा, की चूक नुसती कबूल करून भागत नाही; ती कुठल्या पायरीवर झाली ते सांगायचं. आणि सातवा: बाईंची चूक सापडली तर उभं राहून, पुराव्यासकट सांगायची, सांगणाऱ्याला एक गुण जादा. एकोणतीस वर्षांत हा गुण चौघांनी मिळवला होता. चौघांची नावं बाईंना पाठ होती, चौथा कुठल्या बाकावर बसायचा तेसुद्धा.

यंदा त्या कागदाची मागची बाजू बदलली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

बदल दिसायला साधा होता. भूमिती पहिल्या सहामाहीतून उचलून दुसऱ्या सहामाहीत टाकली. समांतर रेषा, त्रिकोण, वर्तुळ, सगळं मागे. बहुपदी आणि समीकरणं पुढे. पुढच्या बाजूलाही एक ओळ वाढली: फळ्यावर गणित सोडवणाऱ्याने प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून दाखवावी.

हेडमास्तरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "बाई, तुम्ही आणि बदल? सूर्य कुठून उगवलाय आज?"

"पोरांचं बीजगणित कच्चं आहे," बाई म्हणाल्या.

"ते तर आपल्या दोघांच्या जन्माआधीपासून कच्चं आहे," असं म्हणून त्यांनी सही केली.

खरं कारण बीजगणित नव्हतंच. खरं कारण होतं न्हाणीघरातली फरशी.

सुट्टीत एका सकाळी दात घासताना बाईंना समोरच्या भिंतीवरच्या फरश्यांमधली उभी रेघ मधोमध पोट आल्यासारखी दिसली, कुणीतरी बोटाने ढोसल्यासारखी. त्यांनी चष्मा पुसला. रेघ तशीच. दाराची चौकट पाहिली, तीही डोळ्यांच्या उंचीवर आत वळलेली. उजवा डोळा झाकला तर चौकट सरळ, पण धुरकट. कारण डावा डोळा लहानपणापासूनच कामचुकार होता. जन्मभराचं सगळं वाचन उजव्याने केलेलं. आणि वाकडं दिसत होतं ते उजव्यालाच.

बाईंनी तोंडातलं पाणी थुंकलं, ब्रश जागेवर ठेवला आणि बाहेर येऊन चहा टाकला. कुणाला काही सांगितलं नाही.

आईचं असंच सुरू झालं होतं. आईने वर्षभर "चष्म्याचा नंबर वाढलाय" असं सांगत काढलं, आणि मग पुढची अकरा वर्षं खिडकीशी खुर्चीत बसून. ती पूर्ण आंधळी झाली नव्हती, हेच जास्त भयंकर होतं. तिला कडा दिसत आणि मधलं दिसत नसे. समोर लेक बसली तरी ती लेकीच्या कानाकडे बघून बोलायची. "तुझं तोंड हरवलंय गं," म्हणायची, आणि हसायची. ते हसणं बाईंना अजून ऐकू येई.

बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. धाकटी बहीण लग्न न केलेली, औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळणारी. ती ताईकडे राहायला आली होती, आणि दोघींचं भांडत छान चाललं होतं. धाकटीपासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं.

"ताई, तू कुलपाशी काय खेळ करतेस? किल्ली भोकात घाल, भोकाच्या शेजारी नको."

"दिवा नाही जिन्यात."

"दिवा आहे. लागलेला आहे. डोळे दाखव म्हणते मी. आमच्या दुकानासमोरच बसतो तो डॉक्टर."

"दिवाळखोर दुकानदारासारखी गिऱ्हाइकं नको ओढूस. दाखवीन सहामाही झाली की."

"आईपण असंच म्हणायची," धाकटी म्हणाली. त्यावर बाईंनी तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. खऱ्या बोलण्याचा राग जास्त येतो.

शाळा सुरू झाल्यावर रोज सकाळी तेच. फळ्याशी जायचं, म्हणजे बेचाळीस जोड्या डोळ्यांसमोर जायचं, आणि त्या सगळ्या डोळ्यांना दिसत असणार. पायरी मोठ्याने बोलायची ती नवी ओळ बाईंना तारत होती. पोरगं फळ्यावर लिही आणि बोले, आणि बाई कानाने गणित तपासत. अधिकाचं उणे झालं तर आवाजावरूनच पकडत. पोरांना वाटे, बाई पाठमोऱ्या असूनही बघतात. वर्गाचा दरारा वाढला आणि बाईंची भीतीही वाढली. पायरी चुकून खाली पाय पडेल, हजेरीपटात एकाची खूण दुसऱ्यापुढे होईल, खुर्चीत बसून कुणाच्या तरी कानाशी बोलावं लागेल. कागदाच्या मागच्या बाजूला भूमितीचा महिना लिहिलेला होता. त्याकडे त्या कोर्टाच्या तारखेकडे बघावं तशा बघत.

पण बीजगणितातही आलेख असतो, हे एवढी हुशार बाई विसरली. विसरली की विसरायचं ठरवलं, ते तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या महिन्यात चाचणी झाली. चार गुणांचा एकच प्रश्न आलेखाचा होता: दोन क्ष अधिक य बरोबर सात, या समीकरणाची रेषा काढा. दोन बिंदू काढले, पट्टी लावली, रेघ ओढली, की झालं. बाईंनी टेबलाशी बसून गठ्ठा पुढ्यात घेतला. पहिल्या पेपरातली रेषा मधे वाकलेली. लाल पेनाने दोन गुण कापले. दुसरीही तशीच. दहाव्या पेपरापर्यंत बाईंचा पारा चढला. बेचाळिसाव्या पेपराला त्यांनी मनाशी निकाल लावला: सगळ्या वर्गाने एकाच वाकड्या पट्टीने रेषा मारली, किंवा एकाची दुसऱ्याने उतरवली.

आता कुणी म्हणेल, बेचाळीस पेपरांत वाक एकाच जागी, म्हणजे जिथे बघाल तिथे, तेव्हाच का कळलं नाही? कळलं होतं. लाल पेन दर पेपरावर दोनदा थांबत होतं ते काही उगाच नाही. पण वर्ग खोटा ठरवणं सोपं होतं आणि डोळा खोटा ठरवणं अवघड. माणूस सोपं तेच आधी करतो, गणिताचा असला तरी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेपर वाटले आणि वर्गाला फैलावर घेतलं. "बेचाळीस जणांत एक सरळ पट्टी नाही? रेषा म्हणजे काय, हे तुम्हाला पाचवीत शिकवलं. मधे पोट आलेल्या रेषेला रेषा म्हणत नाहीत. चार दिवसांत पुन्हा चाचणी होईल."

वर्ग पेपरांकडे बघत राहिला. मग कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या बाकावरची एक उंच मुलगी उभी राहिली. वर्ग तिला वकील म्हणत असे, कारण उपाहारगृहात कुणाचा समोसा लहान निघाला तरी ती भांडून यायची.

"बाई, सातवा नियम," ती म्हणाली.

वर्गात कुणीतरी हळूच शिट्टी मारली.

"पुरावा?" बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच निघाला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"आहे." मुलगी पेपर आणि पट्टी घेऊन टेबलाशी आली. पट्टी स्टीलची होती, एक फूट लांब. तिने पेपर पसरला आणि पट्टी रेषेला अगदी चिकटवून ठेवली. "बघा ना बाई. कुठेच फट नाही. टोकापासून टोकापर्यंत लागलीय."

बाई वाकल्या. रेषा मधे वाकली होती. आणि तिच्याबरोबर पट्टीही वाकली होती. स्टीलची पट्टी, रेषेच्या पोटाला पोट लावून, ओल्या दोरीसारखी. दोघींमध्ये फट नव्हती हे खरंच.

बाईंनी पट्टी उचलली. तिची कड अंगठ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. अंगठ्याला ती सरळ लागली, सुरीसारखी सरळ. डोळ्यांपुढे ती अजून वाकडीच होती. आईची खुर्ची, खिडकी आणि ते हसणं, सगळं एकदम वर्गात येऊन उभं राहिलं.

"पट्टी वाकडी आहे का बाई?" मुलीने विचारलं. आता तिलाही जरा भ्यायला झालं होतं.

"नाही. पट्टी सरळ आहे. रेषापण सरळ आहे." बाईंनी लाल पेन घेतलं, पेपरावरचा आपलाच शेरा एका रेघेने खोडला, पुसला नाही. शेजारी चारपैकी चार लिहिले. त्याखाली आणखी एक गुण. "सगळ्यांचे पेपर परत गोळा करा. सगळ्यांच्या रेषा सरळ आहेत."

वर्गाने बाकं वाजवली असती, पण बाईंचा चेहरा बघून कुणी हात उचलला नाही. वकील मात्र जागेवर जाईना.

"बाई, मग चूक कुठल्या पायरीवर झाली?"

तिचा यात काही दुष्टावा नव्हता. सहावा नियम होता तो. घरी आईवडिलांनी सही केलेला.

बाईंना वाटलं, सांगावं की घाईत तपासले. डोकं दुखत होतं. दिवा नीट नव्हता. तीन उत्तरं तयार होती आणि तिन्ही वर्गाने मुकाट्याने घेतली असती. काटकोन बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बघण्याच्या पायरीवर," त्या म्हणाल्या. "माझ्या उजव्या डोळ्याला सरळ रेषा वाकड्या दिसतात. दोन-अडीच महिने झाले. मी कुणाला सांगितलं नव्हतं. बस आता."

मुलगी बसली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "दुखतंय का बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या. "भीती वाटते." आणि उरलेला अर्धा तास त्यांनी बहुपदी शिकवली.

हेडमास्तरांना त्यांनी मधल्या सुट्टीत आपणहून सांगितलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "आधी डॉक्टरांचं कळू द्या. वर्ग काढून घ्यायचा की नाही ते मग बघू." वर्ग काढून घ्यायचा, हे शब्द बाईंच्या कानात घरापर्यंत आले.

संध्याकाळी धाकटीने दुकान लवकर सोडलं. रस्ता ओलांडताना तिने ताईचा दंड धरला, आणि ताईने एकदाही झटकला नाही. धाकटीला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण बरा होता. आईचं धाकटीने आधीच त्याच्या कानावर घातलं होतं. त्याने बाईंच्या हातात एक चौकोनी कागद दिला. बारीक रेघांच्या चौकटी, मधोमध एक काळा ठिपका. बाईंनी कागद ओळखला. आयुष्यभर त्यांनी असेच कागद वाटले होते.

"आलेख कागद," त्या म्हणाल्या.

"तसाच म्हणा. डावा डोळा झाका, ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा."

आणि इथे बाई अडकल्या. त्या रेघा कशा असायला हव्यात ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. किती आडव्या, किती उभ्या, सगळ्या समांतर. तेवढं म्हटलं की घरी जाता आलं असतं, वर्गही राहिला असता, निदान भूमितीच्या महिन्यापर्यंत. तोंडात ते उत्तर आलंही होतं.

"ताई," धाकटी मागून हळूच म्हणाली, "असायला हवं ते नको. दिसतं ते सांग."

बाईंनी पेन्सिल मागितली. डावा डोळा हाताने झाकला. ठिपक्याच्या उजव्या अंगाला जिथे रेघा आत ओढल्या जात होत्या तिथे एकेक बिंदू दिला, मग बिंदू जोडले, पट्टीशिवाय. जसं दिसत होतं तसं काढलं. मधे एका चौकटीपाशी रेघ नुसती नाहीशीच होत होती. तिथे त्यांनी जागा मोकळी सोडली. ती मोकळी जागा बघून धाकटीने तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरने डोळ्यात थेंब घातले, यंत्राने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली. "इंजेक्शनं द्यावी लागतील. डोळ्यात. दर महिन्याला एक, आधी तीन, मग बघू. गेलेलं परत येईल असं नाही सांगत. आहे ते टिकण्याची शक्यता चांगली आहे. तुमच्या आईच्या वेळी हे नव्हतं."

"किती चांगली?"

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी हा आकडा नाही," बाई म्हणाल्या.

"नाही," डॉक्टर म्हणाला. "आकडा माझ्याकडे नाहीये."

आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी बिनआकड्याचं उत्तर घेतलं आणि घरी आल्या. पहिलं इंजेक्शन परवा होतं. डोळ्यात सुई जाणार, ही कल्पना जेवताना घासागणिक समोर येत होती. जेवण तसंच राहिलं.

तो चौकटींचा कागद डॉक्टरने सोबत दिला होता. रोज सकाळी बघायचा, वाकडेपणा वाढला तर लगेच सांगायचं. धाकटीने तो फ्रिजच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. खाली कोपऱ्यात पेनाने आपली सही केली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"पालकाची," धाकटी म्हणाली. "आणि खोटं उत्तर दिलंस तर मी हेडमास्तरांकडे जाईन."

सकाळी बाई फ्रिजसमोर उभ्या राहिल्या, काटकोनात, डावा डोळा हाताने झाकून. शेजारी धाकटी चहाचा कप धरून उभी.

"सांग."

ठिपका होता. त्याच्या उजवीकडे कालचीच जागा मोकळी होती. ती कालपेक्षा मोठी आहे की नाही, हे त्या पुन्हापुन्हा पडताळत होत्या आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

"कालच्याएवढीच," शेवटी त्या म्हणाल्या. मग थांबून, "बहुतेक."

धाकटीने कागदावर तारीख घातली आणि पुढे 'बहुतेक' असंच लिहिलं.