नावेच्या इंजिनाचा मिस्त्री

साठ सालच्या सुमारास पैनगंगेच्या पल्याड माझी लेक बाळंतपणात अडली होती, अन् अल्याड नावेचं जुनं इंजिन बंद. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची गुंडाळी ओली झाली होती. मिस्त्रीनं ती काढून चहावाल्याच्या तव्यावर ठेवली आणि भाकरीसारखी उलटत बसला. मधूनच बिडी ओढायचा.

"अरे, आटप ना!"

"मावशी, जास्त भाजलं त वरची लाख वितळन. मंग नाव इथंच सडन."

गुंडाळी बसवून त्यानं तार बोटात धरली, नावाड्याला इंजिनाची दोरी ओढायला लावली. झटका बसला तसा हसला. "आली ठिणगी!"

इंजिन धडधडलं. मी नावेत चढले. "तूही चल. मधात बंद पडलं त?"

"नाही बा. मले पोहता येत नाही."

मला तरी कुठं येत होतं! नावाड्याला म्हटलं, "सोड रे."