रस्ट आलं का?

संगणकाच्या धंद्यात उद्या काय चालणार हे आमच्या ऑफिसातल्या बड्या साहेबांपेक्षा ज्यांना जास्त कळायचं असे एकच गृहस्थ मला माहीत आहेत. ते म्हणजे माझ्या साडूंच्या मळवलीतल्या बंगल्याचे राखणदार, आबा. त्यांनी जन्मात कधी संगणकाला हात लावला नाही. पण शनिवारी पाहुण्यांची गाडी आत आली की डिकीतल्या बॅगा उतरवायच्या आधी ते विचारायचे, "कंपनीत हाय न्हवं? तुमच्यात रस्ट आलं का?" रस्ट ही प्रोग्रॅमिंगची नवी भाषा, आणि आबांची लेक इंजिनिअरिंग करता करता ती शिकली होती. 'आलं' म्हणणाऱ्याला चुलीवरची भाकरी आणि अंघोळीला बंबाचं कढत पाणी मिळायचं. 'जुन्याच भाषेवर भागतंय' म्हणणाऱ्याचा गिझर नेमका बिघडलेला असायचा. एकदा तर त्यांनी हृदयरोगाच्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. "आमच्याकडे नाही," डॉक्टर गोंधळून म्हणाले, तेव्हा आबांनी उलट त्यांचीच समजूत काढली, "यील. दम धरा." लेकीकडून ऐकलेला रस्टचा नियम ते मलाच शिकवायचे. "एका वस्तूचा एकच मालक. बाकीच्यांनी मागून घ्यायची, काम झालं की परत. बंगल्याच्या चावीगत." इतकी वर्षं याच धंद्यात काढून मला हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

अशा माणसाला मी एकदा, तोंडात पिठल्याचा घास असताना, म्हणालो, "दोन वर्षं थांबा आबा, सगळे हेच मागतील." जेवताना माणूस काहीही बोलतो. आबांनी ते मनावर घेतलं. लेकीला पुण्यात जुन्या भाषेतली नोकरी चालून आली होती, ती त्यांनी तिला सोडायला लावली. मला हे फार उशिरा कळलं. दोनाची चार वर्षं झाली. जिथे रस्ट होतं तिथे अनुभव मागत, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नसे. शेवटी तिचं लग्न झालं, जुन्नरकडे दिली. त्यानंतरही आबा फाटकात विचारतच राहिले.

गेल्या महिन्यात आमच्याच ऑफिसात रस्टवाले घ्यायला लागले, अगदी नवखेसुद्धा. मी रविवारी मुद्दाम मळवलीला गेलो. आबा पडवी झाडत होते. ऐकून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, "व्हय?" एवढंच म्हणाले आणि तिथूनच लेकीला फोन लावला. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि पलीकडचं बोलणं सगळ्या पडवीला ऐकू जातं.

"आता कुठलं आबा?" ती हसली. "तीन वर्षं लॅपटॉप उघडला नाही. सगळं विसरले मी." मग म्हणाली, "पण बरं झालं. आलं शेवटी."

आबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इचार करून सांगती म्हनली."

"सांगू दे सावकाश," मी म्हणालो. खरं तर मी त्यांची माफी मागायला गेलो होतो. ती मागायची राहूनच गेली.