मर्विन पर्च, तिसरा बेस

एमिल ह्रुस्का न्हावी होता आणि लाइल कॅथकार्टची दाढी दर शनिवारी तोच करायचा. ज्याचा सूड घ्यायचा तो माणूस आठवड्यातून एकदा आपणहून येतो, खुर्चीत बसून मान मागे टाकतो आणि डोळे मिटून घेतो, ही सोय फार थोड्यांच्या वाट्याला येते. एमिलने मात्र तिचा उपयोग करायला बरीच वर्षं लावली.

पोर्ट हॅलम हे ईरी सरोवराच्या काठचं गाव. गोदी, काचेचा कारखाना, स्लोव्हाक लोकांचं एक चर्च, इटालियन लोकांचं एक, आणि पायलट्स नावाचा बेसबॉलचा संघ. पायलट्स ज्या लीगमध्ये खेळत तिच्याखाली दुसरी लीग नव्हती. तरी गावातल्या प्रत्येकाला मोठ्या लीगमधल्या खेळाडूंची चाळीस-चाळीस वर्षांची नावं पाठ होती. मार्केट स्ट्रीटवरच्या एमिलच्या दुकानात या नावांचा खेळ चाले.

खेळ एमिलनेच काढलेला. एक विषय द्यायचा आणि त्या विषयाची नावं असलेले नऊ खेळाडू जमवून संघ उभा करायचा. नियम दोनच होते. माणूस मोठ्या लीगमध्ये खरोखर खेळलेला हवा, आणि संघात त्याला त्याचीच जागा द्यायची. चेंडू टाकणाऱ्या पिचरला तो झेलणारा कॅचर करायचं नाही. लोकांनी ठेवलेलं टोपणनाव चाले, पण ते पेपरात छापून आलेलं हवं. जो अडेल त्याने जमिनीवरचे केस झाडायचे.

"जनावरं," एमिल कात्री न थांबवता म्हणायचा.

"शॉर्टस्टॉप ससा. रॅबिट मॅरनव्हिल," बाकावरून गस पगानो. हा खाटीक, दुपारी दुकान बायकोवर सोडून इथे येऊन बसायचा.

"डावं मैदान हंस. गूस गॉसलिन," ऑर्व्हिल रीस. बसड्रायव्हर, निवृत्त, टक्कल पडलेला. तरी दर पंधरवड्याला यायचा.

"सेंटरला खेचर. म्यूल हास."

"पहिल्या बेसवर कोल्हा. जिमी फॉक्स."

"आणि कॅचर?"

जनावरांना कॅचर मिळत नव्हता. कितीतरी उन्हाळे तो संघ आठ जणांवर अडून राहिला. मग एका शनिवारी गरम टॉवेल पिळता पिळता एमिल थांबला आणि म्हणाला, "टेबेट्स. बर्डी टेबेट्स. अरे, पाखरू!" गसने बाकावर मूठ आपटली. ऑर्व्हिलने मुकाट झाडू उचलला. खुर्चीत फेसाने माखलेला कॅथकार्ट होता. त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

कॅथकार्ट रेडिओवर पायलट्सच्या सामन्यांचं वर्णन करायचा. आवाज दाणेदार, सूट उन्हाळ्यातही थ्री-पीस. पाऊस आला की सामना थांबतो आणि वर्णन करणाऱ्याला तासन्‌तास काहीबाही बोलत राहावं लागतं. त्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा तो बोलला, "मंडळी, काल मी टबमध्ये पडलो होतो आणि एकदम सुचलं. पाखरू!" आणि मग जनावरांचा अख्खा संघ त्याने ओळीने म्हणून दाखवला.

पहिल्यांदा एमिलला मौजच वाटली. मग पावसागणिक दुकानातला एकेक संघ रेडिओवरून असा हवेवर गेला. खाण्याच्या पदार्थांचा गेला, रंगांचा गेला, राजघराण्याचा गेला. त्या कार्यक्रमाला 'कॅथकार्टचे नऊ' असं नाव पडलं. एक बेकरी त्यात आपल्या जाहिराती देऊ लागली. पोरं रस्त्यात कॅथकार्टला थांबवून नावं विचारू लागली.

एमिलने गसपाशी विषय काढला. गस म्हणाला, "अरे, आपलं दुकानातलं बोलणं रेडिओवर येतंय! आणखी काय पाहिजे तुला?"

"माझं नाव."

"तुझं नाव घेतलं तर लोक रेडिओ बंद करतील. ह्रुस्का! शिंकल्यासारखं वाटतं."

शेवटी एमिलने कॅथकार्टलाच विचारलं. खुर्ची सरळ केली, मानेवरची पावडर झटकली आणि म्हणाला, "मिस्टर कॅथकार्ट, एक विनंती होती. एकदाच सांगा की हा खेळ मार्केट स्ट्रीटवर ह्रुस्काच्या दुकानात सुरू झाला. एकदाच."

कॅथकार्टने आरशात टाय नीट केला. "एमिल, नावं काय कुणाच्या बापाची असतात? ती पेपरात छापलेली आहेत. मी वाचतो, तू वाचतोस. आणि खरं सांगू का? लोक कात्रीचा आवाज ऐकायला रेडिओ लावत नाहीत." मग त्याच्या दंडावर थोपटून तो गेला.

त्या दिवशी जेवताना एमिलने बायकोला, इर्माला, हे शब्दन्‌शब्द सांगितले.

"मग त्याला सांग, दुसरा न्हावी बघ म्हणून," इर्मा म्हणाली.

"छे. त्याने यायलाच हवं."

"एमिल, तुझ्या हातात वस्तरा असतो. असलं काही बोलू नकोस."

"वस्तऱ्याचं काय! मी त्याला एक माणूस देणार आहे."

लवकरच बातमी आली. फेब्रुवारीत स्लोव्हाक हॉलमध्ये बेसबॉलवाल्यांचं हिवाळी जेवण असायचं, त्यात या वेळी कॅथकार्टचा सत्कार होणार होता. 'नऊ नावांच्या खेळाचा जनक' म्हणून. स्टेडियमच्या दारावर त्याच मजकुराची पितळी पाटी बसणार होती. एमिलने ते पेपरात वाचलं, पेपर नीट घडी करून बाकावर ठेवला आणि वस्तऱ्याला चामड्यावर धार लावायला घेतली.

दुकानात तेव्हा माशांचा संघ चालू होता. पिचर कॅटफिश हंटर. दुसऱ्या बेसवर चिको सॅमन. शॉर्टस्टॉप बॉबी स्टर्जन. कॅचर गेल्या शतकातला, व्हायटिंग. तिसरा बेस रिकामा होता आणि सगळे त्यावर अडले होते.

शनिवारी कॅथकार्टच्या गळ्याखालचा फेस ओढता ओढता एमिल सहज म्हणाला, "तिसरा बेस मिळाला मला. पर्च. मर्विन पर्च."

पर्च हा ईरीतला मासा. पोर्ट हॅलममध्ये शुक्रवारी तळलेला पर्च मिळत नाही असं एकही हॉटेल नव्हतं. मर्विन पर्च नावाचा खेळाडू मात्र पृथ्वीच्या पाठीवर कधी झाला नव्हता. एमिलने त्याला आदल्या दिवशी, जेवणाच्या ताटावर काटा काढताना, जन्माला घातलं होतं.

"कुणाकडून खेळला?" कॅथकार्टने ओठ न हलवता विचारलं.

"सेंट लुईस ब्राउन्स. लढाईच्या काळात. चांगले खेळाडू फौजेत गेलेले, मिळेल त्याला घेत होते. चार दिवस खेळला आणि गेला." ब्राउन्स हा संघच राहिला नव्हता, वीस वर्षांपूर्वी तो बाल्टिमोरला गेला आणि नावही बदललं. विचारायचं कुणाला? कॅथकार्ट तर कधीच कुणाला विचारत नसे. खुर्चीतून उचलायचं आणि हवेवर सोडायचं, ही त्याची रीत होती. एमिलचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा होता. पर्च हवेवर जाईल, गाव हसेल, रेडिओवर फोन खणखणतील, आणि कॅथकार्टने उचललेला माल कुठला ते लोक आपणहून विचारतील.

सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्यात पाऊस आला. कॅथकार्टने माशांचा संघ म्हटला आणि तिसऱ्या बेसवर आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हा मी फार शोधला, मंडळी. सेंट लुईस ब्राउन्सकडून लढाईच्या काळात चार दिवस खेळलेला मर्विन पर्च!" एमिलने रेडिओ बंद केला आणि इर्माला कॉफी टाकायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर दुकान उघडून बसला. गस आला तो दारातूनच ओरडत.

"पर्च! काय आठवण काढली रे त्याने! मी पाहिलाय त्याला. क्लीव्हलंडला. चव्वेचाळीस साली."

एमिलच्या हातातला कंगवा थांबला. "कुणाला पाहिलंस?"

"मर्विन पर्चला. बुटका. तंबाखू चघळायचा. माझा मामा म्हणाला, हा माणूस गुडघ्याने अधू आहे म्हणून फौजेने घेतला नाही."

ऑर्व्हिल आला. त्याच्या मते पर्च बुटका नव्हता, चांगला उंच होता, आणि डावखुरा होता. "डावखुरा माणूस तिसऱ्या बेसवर कसा खेळेल? पहिल्या बेसकडे फेकायला त्याला आधी अख्खं वळावं लागेल." एमिलने विचारलं. "म्हणून तर चार दिवसांत हाकलला त्याला," ऑर्व्हिल शांतपणे म्हणाला.

आठवडाभरात रेडिओवर फोन खरोखर खणखणले. गोदीवरच्या एकाने पर्चबरोबर बिअर प्यायली होती. एका बाईची मावशी त्याच्याशी लग्न करता करता राहिली होती. कॅथकार्ट हे सगळं हवेवर सांगे, आणि स्वतःचीही थोडी भर घाले. ख्रिसमसपर्यंत पर्चला एक भाऊ झाला, डाव्या गुडघ्यावर जखमेचा व्रण झाला, आणि पिट्सबर्गजवळ कुठेतरी कबरही झाली. एमिल कात्री चालवत हे ऐकत राहिला. आपण रचलेल्या माणसाबद्दल आपल्यालाच रोज नवं काही कळावं, हे त्याला सहन होत नव्हतं. चोर आणखी मोठा झाला होता, आणि तोही एमिलच्याच हातून.

"झालं ते झालं, आता सोड," इर्मा म्हणाली.

"मी सगळ्यांसमोर विचारणार आहे त्याला."

"सगळ्यांनी पाहिलाय त्याला, एमिल. तू एकटाच आहेस ज्याने नाही पाहिला."

फेब्रुवारीच्या जेवणाला स्लोव्हाक हॉल भरला होता. कोबीत गुंडाळलेलं मांस, बटाटे, बिअर. कॅथकार्टने माशांचा संघ म्हणून दाखवला आणि तिसऱ्या बेसला लोकांनी टेबलं बडवली. तेव्हा एमिल उठला. त्याने लग्नातला सूट घातला होता.

"मिस्टर कॅथकार्ट, पर्च कुठे मिळाला तुम्हाला?"

"शोधला, एमिल. जुन्या पेपरांत."

"कुठल्या पेपरात?"

कॅथकार्ट हसला. "आमच्या न्हाव्याला आज दाढीला गिऱ्हाईक कमी पडलेलं दिसतं."

लोक हसले. एमिल हसू थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "मर्विन पर्च कधीच नव्हता. मी रचला तो. माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत, तुमच्या गळ्यावर माझा वस्तरा असताना. तुम्ही तो उचललात, जसे बाकीचे सगळे उचललेत तसेच. खेळाडूंचं जाड पुस्तक लायब्ररीत आहे. जाऊन बघा."

मग गस पगानो उठला. तोंड लालबुंद.

"म्हणजे मी खोटारडा?"

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, गस."

"माझ्याशीच बोलतोयस! मी त्याला पाहिलाय. माझ्या मेलेल्या मामाबरोबर पाहिलाय. तू काय सगळ्या गावाला खोटं पाडायला निघालास? एका पाटीसाठी?"

"बस खाली, एमिल," ऑर्व्हिल म्हणाला. आणखी कुणीतरी तेच म्हणालं. मग पुष्कळ जणांनी. लायब्ररी दोन गल्ल्यांवर होती; दुसऱ्या दिवशीही कुणी गेलं नाही, त्यानंतरही नाही. हॉलमध्ये एमिलवर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता आणि तो मंचावर उभा होता. कॅथकार्टचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. एमिलने तो नीट पाहून घेतला, आणि मग कोट उचलून निघाला.

पाटी बसली. पण उन्हाळ्यात पाऊस आला तेव्हा कॅथकार्टने एकही नाव घेतलं नाही. ऑर्गनच्या तबकड्या लावल्या. पुढचं नाव कुणी पेरलेलं नसेल कशावरून, ही भीती त्याला बसली ती बसलीच. बेकरीने जाहिराती काढून घेतल्या. दाढी तो घरीच करू लागला, आणि वाईट करू लागला. हनुवटीला कागदाचे कपटे चिकटवून तो मार्केट स्ट्रीटवरून जायचा तेव्हा एमिल काचेपाशी येऊन उभा राहायचा. इतकं एमिलला मिळालं. बाक मात्र रिकामा झाला. गस आणि ऑर्व्हिल पुलापलीकडच्या न्हाव्याकडे जाऊ लागले.

जुलैत दुरुस्तीसाठी पूल बंद झाला आणि गसच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं. गस आला. थेट खुर्चीत बसला. बाकावर त्याच्यामागून आलेले औषधवाला आणि गोदीवरचा एक हमाल वाट पाहत होते. एमिलने गसला कापड बांधलं, मशीन चालू केलं, उजवी बाजू अगदी व्यवस्थित कापली आणि मशीन बंद केलं.

"काय झालं?" गस म्हणाला.

"पर्च कुणी रचला?"

गसने आरशात पाहिलं. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्यावर झुडूप. "एमिल, परवा माझ्या पोरीचं लग्न आहे."

"माहीत आहे. इर्माला आमंत्रण आहे, मला नाही. पर्च कुणी रचला?"

"हा नीचपणा आहे."

"आहे," एमिल म्हणाला, आणि मशीन हुकाला टांगून स्टुलावर बसला.

औषधवाल्याने पेपर खाली केला. बाहेर ट्रक गेला. गसने कापडाखाली मुठी आवळल्या. मग पुटपुटला, "तू."

"मोठ्याने. यांनाही ऐकू दे. आणि खेळ कुणी काढला?"

"तू काढलास! पर्च तू रचलास आणि खेळ तू काढलास! झालं?"

एमिल उठला. डावी बाजूही त्याने तितकीच व्यवस्थित कापली, मानेवर पावडर लावली, पाठीमागे आरसा धरून दाखवला. गसने पैसे टेबलावर टाकले. तो पुन्हा त्या दुकानात आला नाही, आणि लग्नाचं आमंत्रणही आलं नाही. लग्नाला इर्मा एकटी गेली.

एमिलने कापड झटकलं आणि औषधवाल्याला म्हणाला, "चला, तुमचा नंबर."