वारंगा फाट्यावरची पिझ्झाची भट्टी

फाट्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरतात, जेवतात, निघून जातात. मागं राहतं खरकटं अन् एखादा किस्सा. खरकटं मी रोज टाकून येतो. किस्से मात्र साचत चाललेत!

माझ्या पोरानं, मिलिंदनं, वारंगा फाट्यावर इटालियन हॉटेल टाकलंय. पुण्यात काम शिकून आला. मातीची भट्टी मी बांधली, लाकडंही मीच घालतो. गिऱ्हाईक सगळं हायवेचं. आमच्या गावचं माणूस मात्र वर्ष झालं तरी टेबलावर बसलं नव्हतं. आम्ही बौद्धवाड्यातले. आमच्या हातचं गाव जेवेल का, हे पोरगं तोंडानं कधी बोललं नाही. पण गावची जीप दिसली की कणीक मळता मळता त्याचा हात थांबायचा.

*

भट्टी पहिल्यांदा पेटवली त्या दिवशी एक मोटरसायकलवाला आला. भट्टीला तीन चकरा मारल्या.

"वीट काय भाव?"

"वीट न्हाई दादा, पिझ्झा भाजतो इथं."

त्यानं बराच विचार केला.

"बरं. मग त्याचा हजारी काय भाव?"



*

एकदा चूक माझी झाली. बाभूळ संपली म्हणून ओला कडुलिंब घातला. धूर असा कोंडला की पिझ्झा कडूजहर! मिलिंद माफी मागायला टेबलाकडं पळाला. तिथं एक रिटायर मास्तर बोटं चाटत बसलेले.

"शुगरवाल्यांसाठी येगळा बनवता का हो? अजून एक आणा!"

*

मिलिंद पिझ्झाची पोळी हवेत गरगर फिरवतो. गाडीवाले व्हिडिओ काढतात. एक दिवस डोंगरकडा गावची एक म्हातारी ताडकन उठली.

"ए लेकरा! अन्न उडवतोस? मायनं हेच शिकवलं का तुला?"

मिलिंदनं पोळी खाली ठेवली, हात जोडले. तेव्हापासून पांढरे केस दिसले की पोळी लाटण्यानंच लाटतो.

*

कनेरगाव नाक्याच्या एका बाईनं लेकरांसाठी पिझ्झा मागवला अन् पिशवीतून स्वतःच्या चार भाकरी काढल्या.

"बापू, एवढ्या शेकून द्या. मला ते तार निघणारं न्हाई चालत."

दिल्या शेकून. भाकरीचा वास सुटला अन् शेजारच्या टेबलावरच्या नांदेडच्या साहेबानं मेनूकार्ड दोन्ही बाजूंनी वाचून काढलं.

"हा कोणता पिझ्झा? यात दिसत नाहीये!"

बाईनं एक भाकर त्याच्या ताटात टाकली अन् त्याच्या पिझ्झाचे दोन तुकडे उचलले. तार निघणारे!

*

अन् हे परवाचं. भर दुपारी गावची जीप आमच्या दारात थांबली. उतरले ते तात्या, गावातले थोरले जमीनदार. मागं घरची दहा माणसं. नात बारावी पास झाली होती, तिनं हट्ट धरला होता म्हणे. सगळे लांब बाकांवर बसले. माझ्या हातातलं लाकूड सुटलं.

आमच्या भट्टीत एका वेळी दोनच पिझ्झे बसतात. पहिले दोन गेले. कुणी हात लावला नाही.

अजून दोन गेले. अकरा माणसं, अकराही जणांचे हात मांडीवर. नात पिझ्झाकडं बघते, तात्यांकडं बघते, मान खाली घालते.

चीज गार होऊन चामड्यासारखं झालं. मिलिंदचे कान लाल.

"बाबा, खाऊन न्हाई राहिले."

मी म्हटलं, "आपण आपलं वाढत राहू."

शेवटचा पिझ्झा मी स्वतः नेऊन ठेवला. तात्यांनी वर बघितलं.

"झालं का समद्यायला वाढून?"

"व्हय, तात्या."

"मग तुमी दोघं उभे काहून? घरधनी बसल्याबिगर पंगत कधी सुरू व्हते का?"

तात्या आपल्या माणसांकडं वळले.

"सरका रे जरा."